उघड्या काठाची गोधडी

रिटायर झालो आणि घरातल्या प्रत्येक कामात नाक खुपसायला लागलो. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, भाजीवाल्याशी हुज्जत घालायची, कामवाल्या बाईला फरशी कशी पुसावी ते शिकवायचं. बायकोनं काही महिने सोसलं. गेल्या हिवाळ्यात तिच्या क्रोशाच्या मंडळानं आणखी चार मंडळं गोळा करून जालन्यात विणकामाची आणि धागाकामाची परिषद भरवायचं ठरवलं, तेव्हा स्वयंसेवकांत तिनं परस्पर माझं नाव घालून टाकलं. मला कळलं ते गळ्यात बिल्ला अडकवला तेव्हा.

“मला त्यातलं काय कळतं?” मी म्हणालो.

“काही कळत नाही म्हणूनच. ज्यांना कळतं ते सगळे भाषणं करणार आहेत. खुर्च्या मांडायला कोणी पाहिजे ना?”

पाटबंधारे खात्यात उभी हयात घालवलेला माणूस मी. शर्टाचं बटण तुटलं तर दुसरा शर्ट घालणारा. पण घरी बसून तरी काय दिवे लावत होतो? गेलो.

परिषद होती अंबड रोडवरच्या एका मंगल कार्यालयात. आदल्याच दिवशी तिथं लग्न झालं होतं. स्टेजवरची लाल मखमली खुर्च्यांची जोडी हलवायला कोणाला सवड झाली नाही, त्यामुळे पाहुणे वक्ते शेवटपर्यंत नवरा-नवरीच्या थाटात बसले. मागच्या अंगणात घोंगडीचा माग लावला होता. एका खोलीत रेशमाचे कोष होते, राजूरकडच्या शेतकरी बायकांनी टोपल्या भरून आणलेले. एका कोपऱ्यात टकळीवर सूत काढायला शिकवत होते आणि पुण्या-नागपूरहून आलेल्या शिकल्यासवरल्या बाया सूत तुटलं की शाळकरी पोरींसारख्या चुकचुकत होत्या. मला वाटलं होतं कंटाळा येईल. कंटाळा बिलकुल आला नाही.

माझ्याकडे गोधड्यांचं दालन दिलं होतं. दालन म्हणजे जेवणाचा हॉल. पंगतीच्या टेबलांवर पांढऱ्या चादरी अंथरून आणि खिडक्यांच्या गजांना दोऱ्या बांधून तिथं घरोघरच्या गोधड्या मांडल्या होत्या. जिल्ह्यातल्या लोकांना आवाहन केलं होतं की घरातली एक गोधडी घेऊन या, आणि माणसं खरंच घेऊन आली होती. जिकडेतिकडे पाट्या लावल्या होत्या, ‘कृपया हात लावू नये’. आता गोधडी हात न लावता बघायची म्हणजे आंबा वास न घेता विकत घ्यायचा. पण नियम म्हणजे नियम. सरकारी नोकरीत तेवढं एक शिकलो होतो.

पहिल्या दिवशी सकाळीच एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीतली असेल, जीन्स, पाठीवर लॅपटॉपची सॅक आणि छातीशी धरलेली एक गोधडी. माहेर तीर्थपुरीचं, नोकरी पुण्याला. मी सवयीनं दोरी मोकळी करायला लागलो तर म्हणाली, “काका, ही टांगू नका. आडवीच राहू द्या.”

तिनं स्वतः ती टेबलावर अंथरली. वर जांभळं इरकली लुगडं, मऊ पडलेलं. आत धोतरं असणार, हाताला भारी लागत होती. टाके बारीक आणि एकसारखे, काठाकाठानं आत आत गेलेले. तीन बाजूंचे काठ मुडपून शिवलेले होते. चौथा मात्र अर्ध्यावर सोडलेला. पुढं लुगडं एकीकडे, आतली धोतरं दुसरीकडे, तोंड उघडं. आणि जिथं शिवण थांबली होती तिथं सुई होती. कापडात खुपसलेली, ओवलेली, दोरा नीट गुंडाळून ठेवलेला. सुईला थोडा गंज चढला होता आणि लुगड्यावर तिच्याभोवती गंजाचा ठिपका उमटला होता.

“आईची आहे,” ती म्हणाली. “मला पुण्याला थंडी वाजते म्हणून शिवत होती. दवाखान्यात जाताना म्हणाली, आल्यावर पुरी करते. आली नाही.”

मी टेबलावरची चादर सरळ केली.

“बाबा म्हणतात कोणाकडून तरी पुरी करून घे. मावशी म्हणते मी करते. मीच करू देत नाही. ही पुरी झाली की संपलंच ना, काका. आता निदान असं वाटतं की ती उठून आत गेलीय, येईल.” मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, “सुईला कोणी हात लावू देऊ नका. बाकी काही नाही. फक्त सुई.”

“बिनघोर जा,” मी म्हणालो. धरणांचे दरवाजे सांभाळणाऱ्या खात्यातला माणूस, एक सुई काय सांभाळणार नाही!

तो दिवस मी खरोखर पहारा दिला. शाळेच्या पोरी आल्या, त्यांना हातभर लांब ठेवलं. एक बाई फोटो काढताना वाकली तर तिची ओढणी मी स्वतः बाजूला धरली. ती मुलगी भाषणांच्या मधल्या वेळात दोनदा येऊन बघून गेली आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघून हसली. संध्याकाळी हॉलला कुलूप लावून किल्ली खिशात घातली तेव्हा मला उगाचच मोठं काम केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी माझी आई म्हणाली, मी पण येते.

माझी आई ऐंशीच्या पुढची आहे. वाटूरकडच्या शेतकरी घरातली, हाडानं काटक, कान तिखट. गुडघे मात्र गेले आहेत. बाहेरचं खात नाही, म्हणून बायकोनं तिला पोळी-भाजीचा डबा भरून दिला. तिला रिक्षात घालून कार्यालयात आणलं. माग बघून झाला, कोष बघून झाले, स्टेजवरच्या खुर्च्या बघून “कोणाचं लगीन हाये?” विचारून झालं, आणि मग ती गोधड्यांच्या हॉलमध्ये येऊन दमली. मी तिला खुर्ची दिली. कुठं? तर त्या जांभळ्या गोधडीच्या टेबलामागं. खिडकीतून ऊन तिथंच येत होतं.

दुपारी बाहेरच्या मांडवात जेवणं सुरू झाली, हॉल रिकामा झाला आणि अंगणातून मला हाक आली. घोंगडीवाल्यांना नव्या ताण्याला खळ लावायची होती. चिंचोक्यांची खळ, शिजवून दाट केलेली. लोकरीचे धागे अंगणभर ताणून धरायचे आणि त्यावर ती खळ कुंच्यानं चोळायची. धरायला माणसं कमी पडत होती. मी आईला म्हणालो, “मी आलोच. या गोधडीला कोणाला हात लावू देऊ नको, बरं का. कोणालाच.”

“जा तू. म्या हाये ना,” आई म्हणाली.

खळीच्या कामात मी रमलो, हे कबूल करायला हरकत नाही. हात चिकट झाले, वास नाकात बसला, घोंगडीवाला माझ्यावर ओरडला, “साहेब, ढिलं सोडू राह्यले तुम्ही, ताणा बराबर!” आणि कित्येक वर्षांत कोणी असं हक्कानं ओरडलं नव्हतं म्हणून मला गंमत वाटली. हात धुऊन परत आलो तेव्हा आई खुर्ची पुढं ओढून बसली होती. चष्मा नाकावर. गोधडीचा काठ मांडीवर. आणि हातात सुई.

मी दारातच थिजलो.

“एकाला हात लावू दिला न्हाई,” आई वर न बघता म्हणाली. “दोघी-तिघी आल्त्या. हाकलून देल्या.”

आईच्या हिशेबात ‘कोणी’मध्ये ती स्वतः कधीच नव्हती.

इथं एक सांगायला हवं. आमच्या गावाकडे गोधडी एकटीची नसते. ओसरीवर गोधडी पसरलेली असली की येणारी-जाणारी बाई टेकते, बोलता बोलता सुई हातात घेते, एक ओळ घालते आणि उठून जाते. मालकीण पाणी आणायला गेली असेल तर ती येईपर्यंत शेजारीण शिवते. गोधडीपाशी बसून हात मांडीवर ठेवणारी बाई म्हणजे एक तर आजारी नाही तर रुसलेली. उघडं तोंड, ओवलेली सुई आणि मालकीण जागेवर नाही, हे बघून आईनं तेच केलं जे ती जन्मभर करत आली होती. सुई गंजली होती म्हणून दोनदा केसांतून फिरवली असणार, कारण आता ती लखलखत होती. चौथा काठ मुडपून जवळजवळ संपला होता.

मी तिच्याजवळ गेलो आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. ही कोणाची, ती शिवणारी बाई कुठं गेली, सुई का ठेवली होती.

आईनं ऐकलं. सुई कापडात टोचली, हात मागं घेतले आणि पदराखाली घातले. माझी आई घाबरलेली मी फार वेळा पाहिलेली नाही. “मला सांगायचं न्हाई का रे,” एवढंच म्हणाली.

तिचं बरोबर होतं. मी सांगितलं नव्हतं.

मी बायकोला बोलावून आणलं. तिनं गोधडी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याबद्दल जे काही बोलायचं ते पुढच्यासाठी राखून ठेवलं. “उसवू या,” ती म्हणाली. “गंजाचा ठिपका आहे, तिथपर्यंत उसवायचं आणि सुई होती तशी खोचायची. ती यायच्या आत.”

“आणि तिला सांगायचं नाही?”

“तुम्हाला सांगायची हिंमत आहे?”

नव्हती. खरं सांगतो, बिलकुल नव्हती. बायकोनं क्रोशाची छोटी कात्री काढली आणि मी काठ धरला. तेवढ्यात ती मुलगी दारातून आत आली.

तिला काही सांगावंच लागलं नाही. तिची नजर आधी सुईच्या जागेवर गेली आणि तिथं नुसता ठिपका होता.

“काका, सुई?”

मी हातातला काठ सोडला.

“एकच गोष्ट सांगितली होती मी तुम्हाला.” ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “एकच. दुसरं काही मागितलं होतं का?”

“त्याला नको बोलू, बाई,” आई म्हणाली. टेबलाचा आधार घेऊन ती उठून उभी राहिली. “म्या शिवलं. मला वाटलं तू जेवाय गेली. चुकलं माझं. उसवून देते, आत्ता देते.” आणि तिनं बायकोच्या हातातली कात्री घेतली नाही, नखानंच टाका उचलला आणि उसवायला लागली. एक टाका निघाला. मग दुसरा. तिची बोटं थरथरत होती. शिवताना थरथरली नसणार, कारण टाके सरळ होते.

मुलगी बघत उभी राहिली. त्या मुलीचं दुःख मला कळलं असं मी म्हणणार नाही. माझी आई माझ्यासमोर उभी होती. पण आईची ती थरथरणारी बोटं बघून मला वाटलं की त्या मुलीनंही अशीच बोटं कुठंतरी, दवाखान्याच्या चादरीवर वगैरे, बघितली असतील. कारण तिनं एकदम पुढं होऊन आईचा हात धरला.

“राहू द्या, आजी.”

“न्हाई न्हाई, देते ना. बराबर पहिल्यासारखं करून देते.”

“पहिल्यासारखं होणार नाही ते.” तिनं सुटलेला दोरा बोटांत धरला. “दोरा वापरला ना तुम्ही. तो दोरा आईनं ओवला होता. तिनं स्वतः ओवला होता तो.”

आई तिच्याकडे बघत राहिली. तिला खरंच कळत नव्हतं. वाद घालायचा म्हणून नाही, समजून घ्यायचं म्हणून तिनं विचारलं, “मंग शिवायलाच ओवला असंल ना, माय? ठिवायला कोण ओवतं?”

बाहेर माईकवर कोणीतरी जेवणं उरकून घ्यायची विनंती करत होतं. बायकोनं मुलीला खुर्चीवर बसवलं आणि पाण्याची बाटली पुढं केली. ती प्यायली नाही, नुसती धरून बसली. बऱ्याच वेळानं तिनं काठावर बोट ठेवलं. गंजाच्या ठिपक्यापासून सुरू करून बोट पुढं पुढं नेलं, माझ्या आईच्या टाक्यांवरून. तिच्या आईचे टाके कुठं संपले आणि माझ्या आईचे कुठं सुरू झाले हे ठिपका नसता तर मला तरी सांगता आलं नसतं. तिला येत होतं. तिनं ठिपक्याच्या अलीकडे बोट नेलं, पलीकडे नेलं आणि म्हणाली, “आईचे जरा तिरके पडायचे. डावखुरी होती.”

“व्हय,” आई म्हणाली. “म्या बघितलं. चांगला हात व्हता.”

मुलीनं मान हलवली. बोट तसंच पुढं गेलं आणि कोपऱ्यापाशी थांबलं. तिथं मूठ जाईल एवढं तोंड अजून उघडं होतं. सुई तिथंच टोचलेली.

“हे का राहिलं?”

“ते माझं न्हाई,” आई म्हणाली. “ते घरच्या लेकीचं असतंय. मिटायच्या आधी गोधडीच्या पोटात घास घालायचा असतो. उपाशी गोधडीनं ऊब येत न्हाई. घास लेकीनं घालायचा अन् तोंड लेकीनं मिटायचं. म्हून ठिवलं व्हतं तुझ्यासाठी. तू जेवून आली की सांगणार व्हते.” मग घाईनं म्हणाली, “पर नसंल करायचं तर नको करू. राहू दे असंच. कोणी न्हाई हात लावणार आता.”

आमच्या घरी आई हे करते हे मला माहीत होतं. सगळीकडे करतात की नाही, ठाऊक नाही. मुलीला माहीत नव्हतं. तिच्या आईनं तिला शिवणकाम शिकवलंच नव्हतं, तू अभ्यास कर म्हणायची. ती कोपऱ्याकडे बघत राहिली, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, नाही म्हण बाई, नाही म्हण, गोधडी उचल आणि घरी ने, म्हणजे निदान माझी सुटका होईल.

“घास कशाचा?” तिनं विचारलं.

आईनं डबा उघडला. मेथीची भाजी बाजूला सारून पोळीची वरची कोरडी घडी काढली आणि तिच्यापुढं धरली. “तुझ्या हातानं मोड.”

तिनं एवढासा तुकडा मोडला. तळहातावर ठेवून जरा वेळ बघितला आणि मग हात त्या उघड्या तोंडातून आत घातला. मनगटापर्यंत घातला. लुगड्याखाली तिची बोटं हलताना दिसत होती, घास नीट ठेवत असल्यासारखी. हात काढायला तिनं वेळ लावला. आत काय लागलं असेल हाताला? तिच्या वडलांची जुनी धोतरं, तिच्या लहानपणचा एखादा परकर. मी विचारलं नाही.

मग ती शिवायला बसली. सुई धरता येत नव्हती. पहिल्याच टाक्याला बोट टोचून घेतलं. आईनं नुसता काठ मुडपून धरला, जसजशी ती पुढं जाईल तसतसा. टाके मोठे पडत होते, वाकडे पडत होते. तिच्या आईनं ओवलेल्या दोऱ्यातला वीतभर उरला होता, तेवढ्यात कोपरा बसवायचा होता. माझी बायको श्वास रोखून बघत होती. मी पण बघत होतो. पाटबंधारे खात्यात असताना पूर आला होता तेव्हाही मी एवढा जीव मुठीत धरून उभा राहिलो नसेन.

तोंड मिटलं.

आईनं गाठ कशी मारायची ते दाखवलं. बायकोनं कात्री पुढं केली तर आई म्हणाली, “कात्री कशाला. दातानं तोड.”

मुलगी वाकली. दोरा दातात धरला. तुटल्याचा बारीक आवाज आला, पण ती वर आली नाही. तोंड गोधडीतच राहिलं. आधी मला वाटलं दोरा अडकला असेल. मग तिचे खांदे हलायला लागले. तिनं दोन्ही हातांनी गोधडी जवळ ओढली, टेबलावरून अर्धी खाली आली तशी बायकोनं ती सावरून तिच्या पाठीवर टाकली. आईनं वरून हात फिरवला आणि म्हणाली, “रड, माय. रड.”

मग आईनं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच दाराकडे खूण केली. जेवणं झाली होती, माणसं हात पुसत हॉलकडे यायला लागली होती. मी दारात जाऊन उभा राहिलो, बिल्ला सरळ केला, आणि येईल त्याला सांगत राहिलो, “गोधड्या मागून बघा. आधी तिकडं रेशीम बघून या. फार छान आहे.”